मनालीच्या बर्फात स्वतःची गाडी नेताय? चढाचं नंतर, आधी उताराचं बघा

डिसेंबर जवळ आला की पुण्यामुंबईच्या ट्रॅव्हल ग्रुपांवर तेच प्रश्न यायला लागतात, क्रेटा अटल टनेलपर्यंत जाईल का, स्विफ्ट जाईल का, इनोव्हा नेली तर चालेल का, आणि उत्तरं पण ठरलेलीच, एक म्हणतो आरामात जाते भाऊ बिनधास्त जा, दुसरा म्हणतो फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी) नसेल तर मनालीचं नाव काढू नको. दोघंही गाडी वर चढेल का एवढंच बघतायत. बर्फात चढ हा त्यातल्या त्यात सोपा भाग, चढावर गाडीला नाही जमलं तर बहुतेक वेळा ती जागेवर चाकं फिरवत बसते, मागचा हॉर्न मारतो, तुम्ही वैतागता, विषय संपला. उतारावर नाही जमलं तर ती थांबतच नाही, आणि तिथे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि समोर दिल्ली पासिंगच्या गाड्यांची रांग असते.

म्हणून हे सगळं उताराच्या बाजूनेच लिहितोय. रस्ता धरलाय मनाली, पलचान, सोलंग, धुंदी, अटल टनेल आणि पलीकडे सिस्सू असा, कारण आपली बरीचशी मंडळी तिकडेच जातात, पण कुफ्री-नारकंडा, गुलमर्ग, औली कुठेही जा, गाडी तशीच वागते. पूर्वी हा प्रश्नच नव्हता, रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर, हिवाळाभर बंद, त्यामुळे पलीकडच्या लाहौलमधे जानेवारीत पर्यटक गाडी घेऊन जायचाच नाही. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल टनेल हा बोगदा सुरू झाला आणि आता कोणाचीही हॅचबॅक ऐन थंडीत ३,००० मीटरच्या वर जाऊन उभी राहू शकते. रस्ता सोपा झाला, बर्फ तोच आहे.

आधी थोडा हिशोब, कंटाळा करू नका. कोरड्या डांबरावर टायरची पकड समजा गाडीच्या वजनाच्या ०.७ पट, दाबल्या गेलेल्या बर्फावर ती साधारण ०.२ आणि गुळगुळीत आइसवर (पाणी गोठून काचेसारखं झालेलं) ०.१ किंवा त्याच्याही खाली. आता ताशी ३० च्या स्पीडला पूर्ण ब्रेक मारला तर कोरड्यावर गाडी ५ मीटरमधे थांबते, बर्फावर १७-१८ मीटर लागतात आणि आइसवर ३५. ताशी ४० ला हेच आकडे ९, ३१ आणि ६३ होतात, आणि यात तुमच्या मेंदूने ब्रेक मार म्हणून सांगेपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही. हे सगळं सपाट रस्त्याचं. १०० मीटर पुढे जाताना १० मीटर खाली उतरणारा रस्ता घ्या, घाटातल्या एखाद्या खड्या वळणावर एवढा उतार सहज असतो, तिथे गाडीला खाली ओढणारं बल वजनाच्या जवळपास एक दशांश, आणि आइसवरची पकडही एक दशांश. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबून ठेवलाय, चारही चाकं बंद आहेत, आणि गाडी त्याच स्पीडने खाली चाललीय. यात ड्रायव्हर किती भारी, गाडी किती लाखांची, एअरबॅग किती, काही फरक पडत नाही. एबीएस (ब्रेक मारताना चाकं बंद पडू न देणारं), ईएसपी (घसरणारी गाडी सरळ ठेवू बघणारं), फोर बाय फोर यातलं काहीच नवीन पकड तयार करत नाही, जेवढी आहे तेवढी वाटून देतं बस.

मग करायचं काय, तर अशा जागेवर अशा वेळी जायचंच नाही, आणि त्यासाठी त्या जागा ओळखता आल्या पाहिजेत.

ताजा पडलेला भुसभुशीत बर्फ दिसायला भीतीदायक असतो पण तो त्यातल्या त्यात बरा, टायरच्या नक्षीत घुसतो, थोडीफार पकड देतो. दुसऱ्या दिवशी शेकडो गाड्या त्यावरून गेल्या की तो दाबून शहाबादी फरशीसारखा गुळगुळीत होतो, हा जास्त त्रास देतो. आणि सगळ्यात वाईट ब्लॅक आइस, पाण्याचा पातळ पारदर्शक थर गोठतो आणि खालचं डांबर दिसत राहतं, त्यामुळे रस्ता फक्त ओला आहे असं वाटतं. ओळखायची खूण म्हणजे रस्ता ओला चकाकतोय पण पुढच्या गाडीच्या टायरमागे पाण्याचे तुषार उडत नाहीयेत, आणि टायरचा आवाज अचानक बंद झाल्यासारखा वाटतो, स्टेअरिंग हलकं लागतं. आणि हा असतो कुठे, तर देवदारांच्या सावलीतली वळणं, डोंगराच्या उत्तरेकडच्या बाजू, पूल (पुलाला खालून पण थंडी लागते म्हणून तो आधी गोठतो), नाल्याचं पाणी रस्त्यावर येतं त्या जागा, आणि बोगद्याची तोंडं. बोगद्याचं खास लक्षात ठेवा, आत कोरडा रस्ता, छान दिवे, पाय आपोआप दाबला जातो आणि उत्तरेकडच्या तोंडातून बाहेर पडलात की लाहौलची हवा आणि तिथला बर्फ. बाहेर पडायच्या बऱ्यापैकी आधी स्पीड कमी करून टाका.

वेळेचं पण तसंच. दिवसा उन्हाने वितळलेलं पाणी रस्त्यावर पसरतं आणि ऊन डोंगराआड गेलं की परत गोठतं. डिसेंबरात तिकडे ऊन लवकर जातं, त्यामुळे सिस्सूहून तीनच्या आत निघायचं असं धरून चाला, फोटो राहिले तर राहिले. सकाळी पण दहाच्या आधी घाई नको. अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही, उणे १५ चा बर्फ शून्याच्या आसपासच्या बर्फापेक्षा कमी घसरडा असतो. शून्याला त्याच्यावर पाण्याचा पातळ थर राहतो, म्हणून "आज जरा ऊब आहे, चला" म्हणून निघालात तर तोच दिवस वाईट असू शकतो.

आता तुमची गाडी

पहिलं काम, तुमच्या गाडीची कुठली चाकं ओढतात हे नक्की माहीत करून घ्या. मागे एसयूव्ही लिहिलंय म्हणून ती फोर बाय फोर होत नाही. जोरदार बर्फ पडला की पोलिस नेहरूकुंडला किंवा सोलंगला फक्त फोर बाय फोर पुढे सोडतात, तिथे उभं राहून "साहेब एसयूव्ही आहे, ग्राउंड क्लिअरन्स बघा" असा वाद घालणारे आपलेच लोक असतात, कृपया नको.

स्विफ्ट, बलेनो, आय ट्वेंटी, क्रेटा, सेल्टोस, नेक्सॉन, ब्रेझा, अर्टिगा, हॅरिअर, अगदी इनोव्हा हायक्रॉस, या सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असल्यामुळे पातळ बर्फात या बऱ्यापैकी चालतात, साधी स्विफ्ट बिचारी फोर बाय टू (दोनच चाकं ओढणाऱ्या) थारपेक्षा बरी चढते हे बघून लोकांना आश्चर्य वाटतं. चढावर वजन मागे सरकतं म्हणून पुढची चाकं फिरायला लागतात, तेव्हा जड सामान डिकीतून काढून पुढच्या सीटच्या पायाशी ठेवा. सीएनजी असेल तर टाकीचं वजन मागे असतं, त्यामुळे चढावर आणखी थोडा तोटा, आणि वर गेल्यावर पेट्रोलवरच ठेवा, थंडीत तेच बरं. उतारावर वजन पुढे येतं ते फायद्याचं, पण इंजिन ब्रेकिंग (एक्सलरेटर सोडल्यावर खालच्या गिअरमधे इंजिनच गाडीला अडवतं ते) फक्त पुढच्याच चाकांवर होतं आणि वळवायचं काम पण त्यांच्याकडेच. एकदम पहिला टाकून क्लच सोडलात तर पुढची चाकं घसटत जातात आणि स्टेअरिंग फिरवून गाडी वळतच नाही. अशा वेळी स्टेअरिंग अजून फिरवायचं नाही, सगळे नेमकं तेच करतात. एक्सलरेटरवरून आणि ब्रेकवरून पाय काढा, क्लच दाबा, स्टेअरिंग थोडं सरळ करा, पकड परत आली की हाताला कळतं, मग हळूच वळवा.

इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो, टू व्हील ड्राइव्ह स्कॉर्पिओ, फोर बाय टू फॉर्च्युनर आणि थार, ईको, टेम्पो ट्रॅव्हलर या मागून ढकलणाऱ्या. रिकामी गाडी असेल तर मागच्या चाकांवर वजनच नसतं, म्हणून तिकडचे ट्रॅव्हलरवाले सरळ लोकांना मागे बसा म्हणतात, तुम्ही पण तेच करा. चढ एकवेळ चढेल, पण उतरताना वजन पुढे गेलेलं, मागची चाकं आधीच हलकी आणि इंजिन ब्रेकिंग सगळं त्यांच्यावरच, त्यात खालचा गिअर झटक्यात टाकला तर हँडब्रेक ओढल्यासारखं होऊन शेपूट बाजूला जातं. म्हणून गिअर उतार सुरू व्हायच्या आधी सपाटीला टाकून घ्यायचा, क्लच एकदम हळू सोडायचा, आणि पहिल्यापेक्षा दुसरा बरा की काय हे तिथल्या उतारावर बघायचं. शेपूट गेलंच तर क्लच दाबा, ब्रेक नको, शेपूट ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टेअरिंग द्या आणि नजर जायचंय तिकडे ठेवा, दरीकडे नाही. गाडी सरळ व्हायला लागली की स्टेअरिंग लगेच सोडवत आणा, नाहीतर उलट्या बाजूला फटका बसतो आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असतो. माझं मत विचाराल तर चेनशिवाय (बर्फात टायरला गुंडाळायची साखळी) मागच्या चाकांची गाडी घेऊन बर्फात जाऊ नये, तिथल्या लोकल ड्रायव्हरला जमतं म्हणून आपल्यालाही जमेल असं नाही, त्याचा तो रोजचा रस्ता आहे.

थार फोर बाय फोर, जिम्नी, स्कॉर्पिओ एन फोर बाय फोर, गुरखा, फोर बाय फोर फॉर्च्युनर, हायलक्स यांना खालची रेंज असते म्हणजे फोर लो, चारही चाकांना अजून हळू आणि ताकदवान गिअर. लोक याकडे चढायचं यंत्र म्हणून बघतात, बर्फात त्याचा खरा उपयोग उतरताना आहे. फोर व्हीलला टाकलं की पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना बांधले जातात, इंजिन ब्रेकिंग चारही चाकांत वाटलं जातं, त्यामुळे एकच टोक घसटायची शक्यता कमी. फोर लोमधे पहिला किंवा दुसरा टाकून ब्रेकला हात न लावता गाडी चालत्या माणसाच्या वेगाने खाली उतरवता येते, हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर गाडी स्वतःच ब्रेक मारत हळू उतरते ते) असेल तर तो पण चांगला पर्याय. फक्त दोन गोष्टी, एक म्हणजे कोरडं डांबर लागलं की टू हायला (नेहमीचे गिअर, दोनच चाकं ओढणारी) परत आणा, नाहीतर वळणावर ट्रान्समिशन ताणलं जातं आणि गाडी अडखळायला लागते, आणि दुसरं म्हणजे सपाटीला ही गाडी सुसाट निघते म्हणून तिच्यावर विश्वास बसतो, थांबताना मात्र ती स्विफ्टएवढीच लांब घसरते, वजन जास्त म्हणून लवकर थांबते असं काही नाही. डिफरन्शियल लॉक (एका अॅक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा) असेल तर तो फक्त अडकलात तर सरळ बाहेर पडायला वापरा, वळणावर लॉक ठेवून जाऊ नका, पुढचा तर अजिबातच नको.

ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप, एक्सयूव्ही ७०० ऑल व्हील ड्राइव्ह, कंपास फोर बाय फोर, जुनी डस्टर ऑल व्हील या मधल्या. यांच्यात पायाखालच्या क्लचशिवाय पुढच्या-मागच्या चाकांमधे एक आपोआप चालणारा क्लच असतो, पुढची चाकं घसरली की तो मागच्यांना ताकद देतो. चढाला छान. उतारावर तुम्ही एक्सलरेटरवर नसता त्यामुळे तो क्लच सुटलेला असू शकतो आणि गाडी पुढच्या चाकांच्या गाडीसारखी वागते. स्नो मोड असेल तर तो लावाच, लॉक बटन असेल तर हळू उतरताना ते दाबून ठेवणं जास्त शहाणपणाचं.

ऑटोमॅटिकवाल्यांनी डीमधे उतरू नये एवढं समजलं तरी अर्धं काम झालं, गाडी स्वतःहून वरचा गिअर टाकत बसते. मॅन्युअल मोड, एल, पॅडल जे असेल ते वापरून खालचा गिअर धरून ठेवा. एएमटीचं (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर गाडी स्वतः टाकते) जरा वेगळं, अगदी हळू झालं की ती स्वतःच क्लच सोडते आणि इंजिन ब्रेकिंग नाहीसं होतं, त्यामुळे एएमटी घेऊन खडा बर्फाळ उतार ही मला तरी आवडलेली कल्पना नाही. सपाट आइसवर थांबताना ऑटोमॅटिक गाडी मंद मंद पुढे ढकलत राहते, तिथे शेवटच्या दोन-चार मीटरला न्यूट्रल केली तर बरी थांबते.

ईव्ही असेल तर रीजन (पाय उचलला की मोटरच गाडीला अडवते ते) कमीत कमीवर ठेवा, वन पेडल (एकाच पेडलने चालवायचं आणि थांबवायचं) बंद. पाय उचलल्याबरोबर नेक्सॉन ईव्ही किंवा झेडएस ईव्हीची पुढची चाकं धरली जातात, आणि बीई ६, एक्सईव्ही ९ई मागच्या चाकांवर असल्यामुळे तिथे शेपटाचा प्रश्न. इको मोडला टाका म्हणजे टॉर्क झटक्यात येणार नाही. थंडीत रेंज बरीच पडते, शिवाय हीटर, त्यामुळे मनालीत पूर्ण चार्ज करून निघा आणि जाम लागेल हे धरूनच हिशोब करा.

टायर आणि चेन

आपल्याकडचे टायर उन्हाळ्याच्या रबराचे, साधारण ७ डिग्रीच्या खाली ते रबर कडक होतं आणि पकड कमी होते, बर्फ नसला तरी. खऱ्या विंटर टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचा कण असं चिन्ह असतं. कॅनडात क्युबेकमधे १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्यानेच लागतात, तिकडच्या आपल्या लोकांना हे सगळं ओळखीचं असेल. आपल्याकडे असे टायर सहज मिळत नाहीत आणि आठ दिवसांच्या ट्रिपसाठी कोणी घेणार पण नाही. थारचे जाडजूड ऑल टेरेन टायर चिखलात भारी, ताज्या खोल बर्फातही ठीक, आइसवर त्यांचं काही चालत नाही. निदान नक्षी बघून घ्या, कायद्याने १.६ मिलिमीटर चालते पण बर्फाला ४ च्या खाली गेलेली नको. हवा कमी करायचा वाळूतला उपाय इथे लावू नका, कंपनीने सांगितलंय तेवढीच ठेवा, आणि ती वर गेल्यावर थंड टायरला परत तपासा.

मग उरली चेन. चेन टायरच्या साइजप्रमाणे येते, टायरवर १८५/६५ आर १५ असं काही लिहिलेलं असतं ते बघून घ्या, आणि टायर आणि सस्पेन्शनच्या मधे जागा आहे का ते मॅन्युअलमधे बघा, काही गाड्यांना कंपनीच चेन लावू नका म्हणते. ओढणाऱ्या चाकांना लावायची, म्हणजे स्विफ्टला पुढे, क्रिस्टाला मागे, क्रिस्टाला पुढेच लावून येणारे पण महाभाग दिसतात. फोर बाय फोरला चारही चाकांना सगळ्यात उत्तम, एकच जोडी असेल तर मॅन्युअल काय म्हणतं ते. फक्त पुढे लावली तर उतारावर शेपूट मोकळं राहतं, फक्त मागे लावली तर स्टेअरिंगला पकड नाही, हे डोक्यात ठेवून उतरायचं.

आणि सोसायटीच्या पार्किंगमधे एकदा तरी लावून काढून बघा, लोक हसतील, हसूदे. उणे ५ मधे बोटं चालत नाहीत, हातमोजे घालून हुक लागत नाही, खाली बर्फात गुडघे टेकायचे असतात. त्यासाठी एक जुनी ताडपत्री किंवा युरियाची गोणी सोबत ठेवा. चेन बर्फ सुरू व्हायच्या आधी, सपाट जागा बघून लावायची, चढावर अडकल्यावर नाही. थोडं अंतर जाऊन परत घट्ट करायची. चेन लावून ताशी ३० च्या वर जाऊ नका, आणि डांबर लागलं की काढा, नाहीतर चेन तुटून मडगार्ड आणि ब्रेकचा पाइप दोन्ही फाडेल. सोलंगच्या रस्त्याला भाड्याने चेन लावून देणारी पोरं भेटतात, घेतलीत तर साइज स्वतः तपासा, ते ठोकून बसवतात.

चालवताना

निघताना दुसरा गिअर, क्लच हळू, एक्सलरेटर जवळजवळ नाहीच. चाक फिरायला लागलं की पाय उचला, कारण फिरणारं चाक बर्फ वितळवतं, ते पाणी लगेच गोठतं आणि तुम्ही स्वतःच खालची जागा पॉलिश करून ठेवता. चढावर आधीची गाडी पूर्ण वर जाईपर्यंत खाली थांबा, मधे थांबावं लागलं तर परत सुटणं अवघड. मागचा कितीही हॉर्न मारूदे.

उतारावर माझी पद्धत सांगतो. उतार सुरू व्हायच्या आधी थांबायचं, शक्य असेल तर उतरून बुटाने रस्ता घासून बघायचा, तुमचा पाय घसरत असेल तर गाडीही घसरणार. खालचा गिअर आधीच टाकायचा. समोरची गाडी वळणापलीकडे जाऊ द्यायची, कारण ती आडवी झाली तर तुम्हाला थांबायला जागा पाहिजे. मग चालत्या माणसाच्या वेगाने, डोंगराच्या बाजूला धरून, एका वेळी एकच काम करायचं, ब्रेक मारायचा तर स्टेअरिंग सरळ, वळायचं तर ब्रेक मोकळा. पकड थोडीच आहे, ती दोन कामांत वाटली की दोन्ही फसतात. गुळगुळीत चाकोरीपेक्षा कडेचा न दाबलेला बर्फ किंवा खडीची पट्टी बरी पकड देते, पण दरीच्या बाजूची कड नको, तिथे बर्फाखाली रस्ता आहे की नुसती हवा ते दिसत नाही.

एबीएस असेल आणि जोरात थांबायची वेळ आलीच तर पूर्ण दाबून धरा, पाय थरथरतो, आवाज येतो, घाबरून सोडू नका. जुन्या बिगर एबीएस गाडीत दाबा-सोडा, दाबा-सोडा. आणि गाडी थांबतच नाहीये असं कळलं तर दरी टाळून डोंगराच्या बाजूच्या बर्फाच्या ढिगात किंवा गटारात घाला. बंपर आणि फेंडर गेलं तर गॅरेजवाला करून देईल. ही गोष्ट आधीच मनाशी ठरवून ठेवली तरच त्या क्षणी हात तसा वळतो, नाहीतर माणूस गाडी वाचवायला जातो.

गाडी घसरतेय आणि आत माणसं आहेत अशा वेळी बाहेरून हाताने धरायला कोणीही खाली उतरू नये. दीड टनाचं धूड आहे ते. रीलमधे चार जण धरून थांबवताना दिसतात, ते नशीब.

अडकलात तर

पहिल्यांदा ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून बघा, ते चालू असलं की इंजिनाची ताकदच कापतं. चाकापुढचा बर्फ फावड्याने काढा, खाली खडी, वाळू, राख, नाहीतर पायपुसणं टाका, आणि पुढे-मागे हलवत हळूहळू बाहेर या. पायपुसणं सुटून मागे जोरात उडतं, तिथे कोणी उभं राहू नका. टो हुक (गाडी ओढायला दोर अडकवायचा) बऱ्याच गाड्यांना स्क्रू करायचा असतो, स्टेपनीच्या जागेत पान्यासोबत मिळेल, तो कुठे लागतो हे घरीच बघून घ्या. दोर सस्पेन्शनला बांधून ओढायला देऊ नका.

जाममधे अडकणं हा मात्र वेगळाच प्रकार. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग आणि अटल टनेलच्या मधे हजारभर गाड्या अडकल्या होत्या. अशा रात्री थंडीपेक्षा सायलेन्सर जास्त धोक्याचा, मागे बर्फ साचून तो बुजला की धूर गाडीत येतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२२ मधे पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या पर्यटकांपैकी २० हून जास्त लोक गेले, काही थंडीने आणि काही याच गॅसने. म्हणून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढत राहायचं, तासाला दहा मिनिटंच इंजिन चालवायचं, वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची, आणि एक जण जागा पाहिजेच. ईव्हीला हा त्रास नाही, हा तिचा मोठाच फायदा. पांघरुणं, पाणी, टॉर्च, पॉवर बँक, चिक्की, बाकरवडी, शेंगदाणे गाडीत असूदेत, डिकीत नाही हाताशी. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

रात्रीचं पार्किंग

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत कूलंटच्या जागी गॅरेजवाल्याने नुसतं पाणी टॉपअप केलेलं असतं. ते गोठलं की फुगतं आणि रेडिएटर किंवा थेट इंजिनाचा ब्लॉक तडकतो. निघण्याआधी निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं नीट भरून घ्या, ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत टिकतं. वायपरच्या टाकीतलं साधं पाणी पण काढून थंडीचं लिक्विड भरा.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, रात्रीत चिकटतो, सकाळी गाडी हलत नाही. सपाट जागा बघा, पहिल्या गिअरला किंवा पीला ठेवा आणि चाकाला दगड लावा. वायपर उभे करून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, काच तडकते, प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडा. आतून धुकं धरलं तर हीटरसोबत एसी पण लावा आणि हवा बाहेरची घ्या. छतावरचा बर्फ पण काढा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो सगळा पुढच्या काचेवर येतो.

डिझेलवाल्यांसाठी, खालच्या मैदानातलं डिझेल कडक थंडीत घट्ट होतं, त्यातलं मेण फिल्टरमधे अडकतं आणि गाडी सुरू होत नाही. इंडियन ऑइलने २०१९ मधे उणे ३३ पर्यंत वाहणारं विंटर डिझेल लडाख, कारगिल, काझा, केलाँगसारख्या भागांसाठी आणलं. म्हणजे चंदीगडला फुल टाकी करून वर मुक्कामाला जाण्यापेक्षा थोडं कमी भरा आणि वर जाऊन टॉपअप करा. बॅटरी चार वर्षं जुनी असेल तर निघण्याआधीच बदला, थंडीत तिची ताकद कमी होते आणि इंजिनाचं तेल घट्ट झाल्यामुळे काम वाढतं.

परत खाली आलात की कुल्लू-मंडीकडे कुठेतरी गाडीला खालून प्रेशरने पाणी मारून घ्या, बर्फ काढायला काही ठिकाणी मीठ टाकतात आणि ते खालच्या पत्र्याला खातं. भाड्याची नसून स्वतःची चेन असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, थोडं तेल लावून पिशवीत ठेवा, ओली ठेवलीत तर पुढच्या डिसेंबरपर्यंत गंजून तिचा गोळा होईल.